कायद्याचा संगणकीय धडा करायचाय? आधी चुकीची उत्तरं गोळा करा

प्रश्न थोडक्यात असा: करार कायदा शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांकडे 'प्रस्ताव आणि स्वीकृती' या प्रकरणाच्या ७२ स्लाइड आणि टिपणं तयार आहेत. त्यांवरून विद्यार्थ्यांनी आपापल्या वेळेला सोडवावा असा संगणकीय धडा त्यांना करायचा आहे. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, प्रश्न किती ठेवावेत आणि विद्यार्थी न वाचताच 'पुढे' दाबत सुटतात त्याला उपाय काय, असं त्यांनी विचारलं आहे.

यातला तिसरा प्रश्न खरा. त्याचं उत्तर सापडलं की पहिल्या दोघांचं वजन कमी होतं. अनेक वर्षं असे धडे लिहिल्यावर मला पटलेली गोष्ट सांगतो: स्लाइडवरून धडा करू नका. विद्यार्थी जिथे चुकतात तिथून धडा करा. स्लाइडमध्ये तुम्हाला जे सांगायचं असतं ते असतं. विद्यार्थ्याच्या डोक्यात त्याचं काय झालं, हे त्याच्या चुकीच्या उत्तरात दिसतं.

माझा पहिला धडा स्लाइडवरूनच बेतलेला होता. चार पानं मजकूर, मग एक प्रश्न, पुन्हा चार पानं. प्रश्नही 'अमुक व्याख्या कोणत्या कलमात आहे' या जातीचे. विद्यार्थ्यांना भरपूर गुण पडले आणि मी खूश झालो. पण परीक्षेत दोन परिच्छेदांची घटना देऊन 'करार झाला का' असं विचारल्यावर त्यांतल्या बहुतेकांनी व्याख्या लिहिली, कलम लिहिलं आणि घटनेला हात न लावता उत्तर संपवलं. धड्याने त्यांना ओळखायला शिकवलं होतं, लावायला नव्हे. दोष माझ्या प्रश्नांचा होता, म्हणून तो धडा मी काढून टाकला.

हे काम काही नवं नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठ आणि हार्वर्ड यांच्या विधी महाविद्यालयांनी १९८२ मध्ये 'सेंटर फॉर कॉम्प्युटर-असिस्टेड लीगल इन्स्ट्रक्शन' ही ना-नफा संस्था काढली. तिला सगळे 'कॅली' म्हणतात. कायद्याच्या प्राध्यापकांनीच लिहिलेले धडे ती तेव्हापासून विद्यार्थ्यांपर्यंत पोचवते आहे. सुरुवातीला फ्लॉपी, मग सीडी, आता ब्राउझर. एवढ्या काळात पडदे बदलले, यंत्रं बदलली, पण धड्याचा गाभा तोच राहिला: एक छोटी घटना, तिच्यावर एक नेमका प्रश्न आणि विद्यार्थ्याने निवडलेल्या उत्तराला उद्देशून लिहिलेलं स्पष्टीकरण. हा तिसरा भागच धड्याचा प्राण आहे.

नुसतं वाचण्यापेक्षा आठवून उत्तर देणं का बरं, याचा एक चांगला पुरावा २००६ चा आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं झालं आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. पहिला निकाल विसरू नका. पुन्हा वाचणाऱ्याला लगेच 'आपल्याला येतंय' असं वाटतं, आणि स्लाइडचे धडे विद्यार्थ्यांना म्हणूनच आवडतात. आवडीवरून धड्याची पारख करू नये.

चुका गोळा करायच्या कशा? मागच्या परीक्षेच्या तीस-चाळीस उत्तरपत्रिका काढा. गुण बघू नका. प्रत्येक चुकीच्या उत्तराखाली एका ओळीत लिहा की हे उत्तर बरोबर ठरायला विद्यार्थ्याने काय गृहीत धरलेलं असायला हवं. 'अभ्यास केला नाही' असं लिहायचं नाही. पंधरा-वीस पत्रिकांनंतर त्याच त्याच ओळी परत यायला लागतात. प्रस्ताव-स्वीकृतीच्या प्रकरणात मला नेहमी सहा-सातच गैरसमज सापडले आहेत. दुकानातली मांडणी हाच प्रस्ताव समजणं, अट बदलून दिलेल्या होकाराला स्वीकृती समजणं, गप्प बसण्याला होकार समजणं, वगैरे. तुमच्या धड्याची अनुक्रमणिका तीच. ७२ स्लाइडपैकी ज्यांचा या गैरसमजांशी संबंध नाही, त्या स्लाइड वर्गातच राहू द्या.

एक उदाहरण पूर्ण उलगडतो, कारण खरं कौशल्य इथेच लागतं. बर्न विरुद्ध व्हॅन टीनहोव्हन हा १८८० चा इंग्लंडमधला खटला घ्या. कार्डिफच्या विक्रेत्याने १ ऑक्टोबरला न्यू यॉर्कच्या खरेदीदाराला कथिलाच्या पत्र्याच्या १००० पेट्या विकण्याचा प्रस्ताव टपालाने पाठवला. ८ तारखेला त्याने तो मागे घेत असल्याचं पत्र टाकलं. ११ तारखेला मूळ प्रस्ताव खरेदीदाराच्या हाती पडला आणि त्याने त्याच दिवशी तारेने होकार कळवला. १५ तारखेला त्याने पत्रानेही दुजोरा दिला. मागे घेतल्याचं पत्र त्याला मिळालं २० तारखेला. करार झाला का, आणि झाला तर कधी?

उत्तर आहे ११ ऑक्टोबर. प्रस्ताव मागे घेतल्याचं समोरच्याला कळेपर्यंत ते मागे घेणं लागू होत नाही आणि त्याआधीच स्वीकृती रवाना झाली होती. पण धडा लिहिणाऱ्याला बरोबर उत्तराइतकीच इतर तारखांची गरज असते. या खटल्यात त्या फुकट मिळतात. 'करार झालाच नाही, प्रस्ताव ८ तारखेलाच संपला' असं म्हणणारा विद्यार्थी बहुधा अभ्यासू असतो. टपालात टाकताच स्वीकृती पूर्ण होते हा नियम तो शिकला आहे आणि तोच नियम त्याने मागे घेण्याच्या पत्रालाही लावला आहे. '१५ तारीख' म्हणणाऱ्याला तारेने दिलेला होकार पुरेसा वाटलेला नाही; लेखी पत्राशिवाय करार पक्का होत नाही असं त्याच्या मनात कुठेतरी आहे. 'करार ११ ला झाला, पण २० ला मोडला' म्हणणाऱ्याला प्रस्ताव मागे घेणं आणि करार मोडणं यांतला फरकच कळलेला नाही. तीन पर्याय, तीन वेगळे रोग. औषध एकच कसं चालेल?

तरीही बहुतेक धड्यांत काय दिसतं? 'चूक. योग्य उत्तर: ११ ऑक्टोबर. कारण मागे घेणं कळल्याशिवाय लागू होत नाही.' हे वाक्य तिघांनाही दिलं जातं आणि तिघांपैकी कुणाचंच समाधान होत नाही. ८ तारीख निवडणाऱ्याला मी असं लिहीन:

'पत्र टपालात टाकलं की काम झालं, हा नियम तुम्हाला बरोबर आठवला. तो कुणाच्या पत्राला लागू होतो, एवढंच आता पाहा. स्वीकृतीचं पत्र टाकणाऱ्याला समोरच्याने आधी प्रस्ताव देऊन विश्वासाने पुढे बोलावलेलं असतं. मागे घेणाऱ्याला असं कुणी बोलावलेलं नसतं. ८ तारखेचं पत्र अजून समुद्रात असताना न्यू यॉर्कच्या व्यापाऱ्याने होकार कळवला आणि पुढचे व्यवहार ठरवले. त्याला न दिसलेल्या पत्राने त्याचं नुकसान व्हावं का? आता पुन्हा तारीख निवडा.'

या मजकुरात तीन गोष्टी ठरवून केल्या आहेत. विद्यार्थ्याला जे येतं ते आधी मान्य केलं, त्याची गल्लत नेमकी कुठे झाली ते बोट ठेवून दाखवलं आणि उत्तर हातात न देता त्याला परत प्रश्नाकडे पाठवलं. न वाचता 'पुढे' दाबणाऱ्यांवर मला सापडलेला उपाय हाच. आपल्याच विचाराबद्दल कुणीतरी बोलतंय असं दिसलं की माणूस वाचतो. पानावर तीस सेकंदांचं कुलूप लावून कुणी वाचत नाही, तो फक्त तीस सेकंद थांबतो.

बरोबर उत्तर देणाऱ्यालाही मोकळं सोडू नका. चार पर्यायांत अंदाजाने चौघांतला एक बरोबर येतोच. म्हणून 'शाबास'च्या पुढे एक तथ्य बदला: खरेदीदाराने ११ तारखेला तार न करता पत्र टाकलं आणि ते वाटेत हरवलं, तर? इंग्लंडमध्ये हाऊसहोल्ड फायर इन्शुरन्स विरुद्ध ग्रँट या १८७९ च्या निवाड्यात न पोचलेल्या पत्रानेही करार झाल्याचं ठरलं. आणि विक्रेत्याने प्रस्तावातच 'तुमचा होकार माझ्या हाती पडला पाहिजे' असं लिहिलं असतं, तर? मग टपालाचा नियम बाजूला सरतो. एकेक तथ्य हलवून निकाल कुठे फिरतो ते बघणं, यालाच कायद्याने विचार करणं म्हणतात. वर्गात एका विद्यार्थ्याला हे करायला लावताना बाकीचे साठ जण ऐकत बसतात. संगणकाच्या धड्यात प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. या माध्यमाचा खरा फायदा मला हाच वाटतो.

'हो की नाही' असा प्रश्न विचारायचा असेल तर त्याला जोडून दुसरा विचारा: 'कोणत्या कारणाने?' पहिल्यात अर्धे लोक नशिबाने सुटतात, दुसऱ्यात ते सापडतात. बरोबर निकाल आणि चुकीचं कारण ही जोडी कायद्यात फार घातक आहे, कारण पुढच्या घटनेत तेच कारण चुकीचा निकाल देतं.

आता एक अडचण जी गणिताच्या धड्याला येत नाही. कायद्यातली पुष्कळ खरी उत्तरं 'परिस्थितीवर अवलंबून' अशी असतात आणि पर्यायी प्रश्नात ती कोंबली की चांगला विद्यार्थीच गोंधळतो. यावर दोन वाटा आहेत. एक, घटना इतकी घट्ट बांधा की दुसऱ्या उत्तराला जागाच उरणार नाही. तारीख, वेळ, कोणी काय वाचलं, सगळं लिहा. दुसरी वाट मला जास्त आवडते: घटना मुद्दाम अपुरी ठेवा आणि विचारा, 'सल्ला देण्याआधी यांपैकी कोणती माहिती तुम्ही अशिलाकडून आधी मिळवाल?' पाच पर्याय द्या. काहींनी निकाल बदलत असेल, काही नुसत्या ऐकायला बऱ्या असतील. वकिलाचं रोजचं काम याच्या फार जवळचं आहे. जिथे न्यायालयांचे निवाडेच परस्परविरोधी आहेत तिथे मात्र 'बरोबर-चूक' अजिबात ठेवू नका. दोन्ही बाजूंचा सर्वांत भक्कम युक्तिवाद विद्यार्थ्याकडून चार ओळींत लिहून घ्या आणि मग नमुना उत्तर शेजारी उघडा. स्वतःचं उत्तर नमुन्याशी ताडून पाहणं हे यंत्राने दिलेल्या गुणांपेक्षा कितीतरी जास्त शिकवतं.

धड्याच्या पहिल्याच पानावर दोन गोष्टी ठळक लिहा: हा कोणत्या देशाचा कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतचा. वरचंच उदाहरण घ्या. प्रस्ताव मागे घेण्याच्या बाबतीत इंग्लंडचा कायदा आणि भारताचा १८७२ चा करार कायदा एकाच उत्तराला येतात. पण स्वीकृती मागे घेण्याचा प्रश्न घातलात की रस्ते फुटतात. इंग्लंडमध्ये पत्र पेटीत पडताच करार होतो, त्यामुळे नंतर मागे फिरायला सहसा जागा नाही असं मानलं जातं. भारतात कलम ४ आणि ५ एकत्र वाचले, तर स्वीकृतीचं पत्र प्रस्ताव देणाऱ्याच्या हाती पडण्याआधी ती मागे घेता येते. इंग्रजी निवाड्यावर बेतलेला धडा भारतीय विद्यार्थ्याने हे न जाणता सोडवला तर तो मन लावून चुकीचं शिकेल.

तारखेचं महत्त्व भारतातल्या धडेलेखकांना १ जुलै २०२४ ला कळलं. त्या दिवशी १८६० ची दंडसंहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा यांची जागा भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम यांनी घेतली. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ आता १०३ झालं. ज्यांनी कलमांचे आकडे प्रत्येक प्रश्नात, प्रत्येक स्पष्टीकरणात आणि चित्रांतही पेरून ठेवले होते, त्यांना अख्खा धडा पुन्हा लिहावा लागला. म्हणून सवय अशी लावा: प्रश्न तत्त्वावर विचारा, कलमाचा आकडा एकाच तक्त्यात ठेवा आणि चित्राच्या आत मजकूर कधीही घालू नका. जुना धडा लगेच फेकूही नका. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंडसंहिता लागते, तेव्हा त्याच्या मथळ्यावर 'जुन्या संहितेनुसार' असं लिहून तो ठेवणं हिताचं.

फांद्यांच्या मोहाबद्दल बोललंच पाहिजे. प्रत्येक उत्तराला वेगळा रस्ता द्यावा, अगदी वर्गातल्या उलटतपासणीसारखा, असं नवीन लेखकाला हटकून वाटतं. हिशोब करा: प्रत्येक वळणावर तीन पर्याय आणि अशी पाच वळणं, म्हणजे २४३ शेवट. ते कुणी लिहीत नाही. मी फांदी एक-दोन पानं चालू देतो आणि परत मूळ रस्त्याला आणतो. चुकलेला विद्यार्थी एक छोटा सोपा प्रश्न जास्त सोडवतो, मग सगळे पुन्हा एका पानावर भेटतात. विद्यार्थ्याला तरीही ते संभाषणच वाटतं.

पडद्याबद्दल एकच आग्रह आहे, पण तो मोडू नका: प्रश्न सोडवताना घटना डोळ्यांसमोर राहिली पाहिजे. घटना एका पानावर आणि प्रश्न पुढच्या पानावर असला तर विद्यार्थी तारखा लक्षात ठेवण्यात दमतो आणि कायद्याला डोकं उरत नाही. उत्तर माउसने ओढून जागेवर टाकण्याचे खेळ कमी वापरा. ज्यांना दिसत नाही किंवा माउस चालवता येत नाही अशा विद्यार्थ्यांना ते बंद दारासारखे असतात. कराराच्या मसुद्यातलं दोषाचं वाक्य टिचकी मारून दाखवणं हा प्रकार मात्र उत्तम आहे, कारण मसुदा वाचणं हेच तर शिकवायचंय. कळफलकानेही वाक्य निवडता येईल एवढी सोय ठेवा.

सॉफ्टवेअर? प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र स्पष्टीकरण देता येतं, उत्तरावरून पान बदलता येतं, मोबाइलवर चालतं आणि मजकूर साध्या स्वरूपात बाहेर काढता येतो, एवढं जे करेल ते चालेल. शेवटची अट सोडू नका. सॉफ्टवेअर बंद पडतात, आणि मजकूर त्यांच्यात अडकला तर तुमची मेहनत त्यांच्याबरोबर जाते. मी प्रत्येक धडा आधी साध्या कागदपत्रात पूर्ण लिहितो. प्रश्न, पर्याय, प्रत्येक पर्यायामागचा गैरसमज, स्पष्टीकरण, सगळं. सॉफ्टवेअर शेवटच्या दोन दिवसांत उघडतो.

प्रश्न लिहायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घ्यावी का, हेही हल्ली विचारलं जातं. घटनेचे वेगवेगळे अवतार सुचवायला ती कामाची आहे. निवाडे आणि कलमं मात्र एकेक करून मूळ ठिकाणी जाऊन तपासा. २०२३ मध्ये न्यू यॉर्कच्या फेडरल न्यायालयात, माटा विरुद्ध एव्हियँका या खटल्यात, चॅटबॉटने रचलेले अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केल्याबद्दल वकिलांना दंड झाला. वकिलाने न्यायालयाला दिलेला खोटा संदर्भ विरोधी पक्ष पकडतो. धड्यातला खोटा संदर्भ पकडायला समोर कुणी नसतं, म्हणून आपली जबाबदारी जास्त.

धडा तयार झाला की तो वर्गाला देऊ नका. तीन विद्यार्थ्यांना वेगवेगळं बसवा, मोठ्याने विचार करत सोडवायला सांगा आणि तुम्ही शेजारी अगदी गप्प बसा. हे गप्प बसणं फार कठीण आहे. माझ्या एका धड्यात हुशार विद्यार्थिनीने 'ताबडतोब' या शब्दावर अडकून प्रश्न चुकवला. तिचा कायदा पक्का होता, माझं वाक्य संदिग्ध होतं. नंतर वर्गाची उत्तरं आल्यावर दोन गोष्टी बघा. जो पर्याय कुणीच निवडत नाही तो मेलेला आहे, त्या जागी खरा गैरसमज घाला. आणि ज्या प्रश्नात इतरत्र उत्तम करणारे विद्यार्थीच जास्त चुकतात, तिथे विद्यार्थी नव्हे, प्रश्न तपासा.

गुण देऊ नका, निदान पहिल्या खेपेला नाही. गुण आले की विद्यार्थी बरोबर उत्तर शोधतात, आणि आपल्याला तर त्यांची खरी चूक हवी आहे. धडा सोडवला एवढ्याची नोंद ठेवा आणि हवा तितक्यांदा सोडवू द्या. वर्गातल्या पुढच्या तासाला सर्वांत जास्त चुकलेला प्रश्न फळ्यावर घ्या. आपल्या उत्तरांकडे शिक्षक बघतात हे कळलं की पुढचा धडा विद्यार्थी आपणहून गंभीरपणे घेतात.

आणि प्रश्न किती ठेवायचे? माझे धडे अर्ध्या तासाचे असतात, बारा ते पंधरा प्रश्नांचे. असा एक धडा नीट लिहायला मला साधारण चाळीस तास लागतात, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक चुकीच्या पर्यायांच्या स्पष्टीकरणात जातात. तेव्हा एवढं प्रकरण एका दमात घेऊ नका. या सत्रात फक्त 'प्रस्ताव मागे घेणं' एवढाच तुकडा करा. उत्तरपत्रिका काढून ठेवल्यात आणि पहिले पाच गैरसमज लिहून झाले की ते मला पाठवा. पर्याय कसे बेतायचे ते आपण एकत्र बसून बघू.